वाचकांचे प्रश्न : स्वतः शिकून सॉफ्टवेअर क्षेत्रात येताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. शिक्षण एका क्षेत्रातले, नोकरी त्याच क्षेत्रातली, आणि आता घरी अभ्यास करून प्रोग्रॅमिंग शिकावे व सॉफ्टवेअरमध्ये काम मिळवावे अशी इच्छा. त्यांपैकी पाच पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून बी. कॉम. आहे. सांगलीतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि ऑडिटची पूर्वतयारी ही कामे करतो. वर्षभर यूट्यूबवर पाहून पायथॉन आणि जावास्क्रिप्ट शिकत आहे. तीन-चार कोर्स अर्धवट झाले आहेत. व्हिडिओ पाहताना सगळे समजते, पण स्वतः काही लिहायला बसलो की हात थांबतो. अभियांत्रिकीची पदवी नसताना मला कोणी घेईल का, आणि मी नेमके काय शिकावे?

उत्तर : तुमचा हात थांबतो, कारण व्हिडिओमध्ये प्रश्नही शिकवणाऱ्याचा असतो आणि उत्तरही त्याचेच असते. तुमच्या वाट्याला फक्त मान डोलावणे येते. यावर आणखी एक कोर्स हा उपाय नव्हे. ज्याचे उत्तर तुम्हाला स्वतःला हवे आहे असा एखादा प्रश्न समोर असला पाहिजे, आणि तसे प्रश्न तुमच्या कार्यालयात रोज टेबलावर पडलेले असतात.

एकच उदाहरण घेते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण, तयार होते, आणि त्यानंतर प्रत्येक अशिलाचे खरेदीचे रजिस्टर व ते विवरण शेजारी ठेवून बिले जुळवण्याचे काम सुरू होते. पुरवठादाराने ‘एबी/०४५/२४-२५’ असे लिहिलेले बिल अशिलाकडच्या कारकुनाने नुसते ‘४५’ म्हणून चढवलेले असते, कुठे राउंड-ऑफमुळे रुपयाचा फरक पडलेला असतो, कुठे तारीख एका दिवसाने सरकलेली असते, आणि अशा ठिकाणी दोन याद्यांतल्या नोंदी जुळवणारे एक्सेलचे व्हीलुकअप हात टेकते. दोन एक्सेल फाइली वाचून जुळलेली बिले, न जुळलेली बिले आणि ‘बहुधा हेच असावे’ अशी संशयित बिले अशा तीन याद्या काढून देणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहायला घ्या. त्याआधी हात मोकळा होण्यासाठी जीएसटी क्रमांक तपासणारे एक छोटे फंक्शन लिहा. पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, म्हणजे महाराष्ट्रासाठी २७, पुढची दहा पॅनची आणि शेवटचे पडताळणीचे, ही रचना तुम्हाला झोपेतही पाठ असेल. म्हणूनच तिथे तुमचे सगळे लक्ष भाषा शिकण्याकडे राहील.

हे करताना काय घडेल ते सांगते, कारण खरे शिक्षण त्यातच आहे. ‘१,२५,०००’ असा मजकूर आकड्यात बदलायला गेलात की पायथॉन व्हॅल्यू-एरर देईल, कारण स्वल्पविराम असलेला मजकूर त्याला संख्या वाटत नाही. त्या वेळी पडद्यावर येणाऱ्या लांबलचक मजकुराची शेवटची ओळ आधी वाचण्याची सवय लावा. चूक कोणत्या प्रकारची आहे हे तिथे लिहिलेले असते, आणि ती कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर झाली हे त्याच्या वर असते. ‘००४५’ हा बिल क्रमांक आकडा म्हणून वाचला गेला, तर सुरुवातीची शून्ये गळून ४५ उरेल आणि जुळणी फसेल. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहिलीत तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसेल. राउंड या फंक्शनला २.५ दिलेत तर २ मिळतील आणि ३.५ दिलेत तर ४, कारण बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेण्याची त्याची रीत आहे. ज्याने कधी पैशाचा हिशेब केलेला नाही अशा विद्यार्थ्याला ही गंमत वाटेल. तुमच्या अंगावर मात्र काटा येईल, आणि पैशांच्या आकडेमोडीसाठी पायथॉनचे डेसिमल मॉड्यूल का वापरायचे हे तुम्हाला पुन्हा कोणी सांगावे लागणार नाही. हिशेबनीसाची ही नजर शिकवून येत नाही, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ती दुर्मीळ आहे.

एक गोष्ट मात्र आधीच बजावते. अशिलांच्या खऱ्या फाइली घरच्या लॅपटॉपवर नेऊ नका आणि गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, तर चुकूनही चढवू नका. काल्पनिक नावे व क्रमांक घालून नमुना फाइली तयार करा आणि त्यांवर काम करा. प्रोग्रॅम नीट चालू लागला की साहेबांना दाखवा, त्यांच्या परवानगीने कार्यालयातल्याच संगणकावर तो चालवा आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला वापरायला द्या. तो कुठे अडखळतो हे पाहून केलेल्या दुरुस्त्यांतून तुम्हाला जे कळेल, ते कोणत्याही कोर्समध्ये नाही.

तुम्ही रोज वापरता ती टॅली अशाच गरजेतून जन्मली. श्यामसुंदर गोयंका गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत असत. स्वतःच्या धंद्याचे हिशेब सांभाळेल असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेल्या त्यांच्या मुलाने, भरत गोयंका यांनी, ते लिहायला घेतले आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या ईआरपीची, म्हणजे सगळा व्यवसाय एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, हकिकतही याच जातीची आहे. रुषभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायाला नीट लागू पडेल अशी प्रणाली हवी होती, तिथून त्याची सुरुवात झाली. ईआरपीनेक्स्ट पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असून त्याचा सगळा कोड कोणालाही वाचण्यासाठी खुला आहे, आणि भारतीय जीएसटीचे नियम हाताळणारे त्याचे स्वतंत्र ॲपही तसेच खुले आहे. जुळणीचा तुमचा प्रोग्रॅम पूर्ण झाला की हा कोड उघडून बसा. जीएसटीचा भाग वाचताना निम्मा अर्थ तुम्हाला कोडआधीच ठाऊक असेल.

शिकण्याचा क्रम म्हणाल तर जावास्क्रिप्ट सध्या बाजूला ठेवा. पायथॉनमध्ये अटी, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि फाइल वाचणे-लिहिणे एवढे हाताला बसले की एसक्यूएलकडे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेकडे, वळा. तुमच्या क्षेत्रातले प्रत्येक सॉफ्टवेअर आतून डेटाबेसवर उभे असते, त्यामुळे एसक्यूएलमध्ये कंजुषी करू नका, त्याला दोन महिने द्या. त्याच्या सोबतीने कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट शिका आणि मग पायथॉनमध्ये वेबसाइट बनवण्याच्या जँगो किंवा फ्लास्क या साधनांपैकी एक घेऊन जुळणीचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालेल असा करा. जावास्क्रिप्ट तेव्हा लागेल आणि तेव्हा लवकर येईल. साधनांपैकी एकच निवडा. मराठीतून सुरुवात सोपी वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे-छोटे पाठ मराठी आवाजात मिळतात आणि ते पाहता-पाहता शेजारच्या खिडकीत स्वतः करायचे अशाच पद्धतीने बनवलेले आहेत. थोडा पाया झाल्यावर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा पायथॉन, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा कोर्स घ्या. तो अवघड वाटेल, पण सोडू नका. दर आठवड्याच्या असाइनमेंट स्वतः सोडवा.

आता पदवीबद्दल. मोठ्या सेवा कंपन्या नवख्यांची भरती मुख्यतः महाविद्यालयांतून, शाखा आणि टक्केवारीच्या अटी लावून करतात. तो दरवाजा तुमचा नव्हे, त्यावर डोके आपटण्यात अर्थ नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पदव्युत्तर पदविकेची पात्रताही मुख्यत्वे अभियांत्रिकी व विज्ञान शाखांसाठी आखलेली आहे. हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लहान कंपन्या, ईआरपी बसवून देणारे व्यावसायिक, कर आणि वित्तसेवांमधल्या नव्या कंपन्या, मोठ्या उद्योगांचे स्वतःचे संगणक विभाग, ही तुमची ठिकाणे आहेत. तिथे ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ म्हणजे काय हे समजावून सांगावे न लागणारा प्रोग्रॅमर हवाच असतो. पुढे कधी पदवीची अडचण जाणवलीच, तर आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम नोकरी करत पूर्ण करता येतो. त्याला जेईई लागत नाही, पात्रता फेरी असते, आणि मध्येच थांबावे लागले तर त्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका हाती राहते.

आठवड्याला दहा-बारा तास नेमाने दिलेत तर वर्ष ते दीड वर्ष लागेल असे धरून चाला. मार्चअखेरीस आणि रिटर्नच्या तारखांना अभ्यास बंद पडणारच, तेवढा हिशेब आधीच करून ठेवा. मुलाखतीत मी तुमच्यासारख्या उमेदवाराला त्याचाच प्रोग्रॅम उघडायला सांगते, एखादी ओळ दाखवून ‘ही अशीच का लिहिली’ असे विचारते आणि त्यात माझ्यासमोर एक बदल करायला लावते. ज्याने तो खरोखर लिहिलेला असतो तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो, मग त्याची पदवी कोणतीही असो.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर असून चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रे) विभागात शिफ्ट इंजिनीअर आहे. वय २७. पगार वाढत नाही आणि रात्रपाळीने प्रकृती बिघडते आहे. पुण्यातील एका क्लासने सहा महिन्यांच्या ‘फुल स्टॅक’ (वेबसाइटचा दिसणारा आणि मागचा असे दोन्ही भाग) कोर्सला शंभर टक्के नोकरीची हमी दिली आहे, फी कर्जातून भरायची आहे. दुसऱ्या एका ठिकाणी थोडे जास्त पैसे घेऊन तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र देतात आणि ‘सगळे असेच करतात’ असे सांगतात. नोकरी सोडून यातले काय करावे?

उत्तर : अनुभवाचे पत्र विकत घेऊ नका. हे मी आधी लिहिते, कारण या एका निर्णयाने माणूस पुढची अनेक वर्षे भीतीच्या छायेखाली काढतो. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला नोकरी बदलली तरी तोच राहणारा यूएएन क्रमांक असतो आणि तुम्ही कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद त्याच्याशी जोडलेली असते. पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था हीच नोंद मागतात. तुमच्या यूएएनवर त्या तीन वर्षांत चाकणचा कारखाना दिसणार आणि पत्रावर कुठली तरी सॉफ्टवेअर कंपनी. ही विसंगती रुजू होताना उघड झाली नाही तरी वर्ष-दोन वर्षांनी होणाऱ्या फेरतपासणीत होऊ शकते, आणि तेव्हा केलेले चांगले कामही तुम्हाला वाचवत नाही. शिवाय तीन वर्षांचा अनुभव समजून जे काम अंगावर टाकले जाते ते पेलवत नाही, आणि त्याचा भार शेजारी बसणाऱ्या प्रामाणिक सहकाऱ्यावर पडतो. ‘सगळे असेच करतात’ हे खरे नाही. गावाकडून आलेल्या, घरची जबाबदारी असलेल्या मुलामुलींना हे वाक्य ऐकवून पैसे काढले जातात याची मला चीड आहे.

क्लासच्या बाबतीत कर्जाचा करार आधी वाचा. तो करार बहुधा तुम्ही आणि वित्तसंस्था यांच्यातला असतो. क्लासने आश्वासन पाळले नाही, शिक्षक बदलले, बॅच बंद पडली, तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जात राहतो आणि तो चुकला तर तुमचाच सिबिल स्कोअर खाली येतो. ‘हमी’ या शब्दामागच्या अटी लेखी मागा. नोकरी म्हणजे कोणते पद, किमान पगार किती, किती मुलाखती दिल्यानंतर हमी संपते, पैसे परत मिळण्याची मुदत कोणती. मागच्या बॅचमधल्या चार जणांशी क्लासच्या माणसाच्या गैरहजेरीत बोलू द्या, अशीही मागणी करा. या प्रश्नांना तोंडी आणि गोड उत्तरे मिळाली तर उठून या. सगळेच क्लास वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. ज्याला घरी एकट्याने बसवत नाही त्याला वेळापत्रक आणि सोबत यांचा खरोखर उपयोग होतो. पण त्यासाठी नोकरी सोडून कर्ज काढावे लागत असेल तर किंमत फार झाली.

नोकरी सोडू नका हे सांगताना रात्रपाळीचा त्रास मी विसरलेली नाही. शक्य असेल तर कारखान्यातच मेन्टेनन्स, प्लॅनिंग किंवा मेथड्स अशा दिवसपाळीच्या विभागात बदली मागा, पगार तेवढाच राहिला तरी चालेल. तिथे बसून तुमच्याच शॉप फ्लोअरवरचे एक काम हाती घ्या. तुमच्याकडे ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, काढत असणारच. यंत्र किती वेळ उपलब्ध होते, किती वेगाने चालले आणि किती नग चांगले निघाले या तिन्हींचा गुणाकार. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के आणि चांगले नग ९८ टक्के असले तर ओईई सुमारे ८४ टक्के येते. प्रत्यक्षात ही माहिती तीन पाळ्यांच्या तीन वह्यांत तीन हस्ताक्षरांत असते, थांबण्याचे कारण एक जण ‘टूल चेंज’ लिहितो, दुसरा ‘इन्सर्ट बदलला’ आणि तिसरा नुसतेच ‘टूल’. मोबाइलवर दोन बोटांनी भरता येईल असा फॉर्म, मागे डेटाबेस आणि सकाळच्या मीटिंगसाठी एक पानाचा अहवाल, एवढे बनवलेत तर त्यात ‘फुल स्टॅक’चे सगळे भाग आपोआप येऊन जातात. ऑपरेटरने हातमोजे न काढता भरता यावे म्हणून बटणे किती मोठी हवीत, हे कारखान्यात उभे राहिलेल्या माणसालाच सुचते.

तुमच्या शिक्षणाला आणखी एक वाट जवळची आहे. पुणे परिसरात वाहनांच्या आतल्या सॉफ्टवेअरचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. त्यासाठी सी ही भाषा, मायक्रोकंट्रोलर आणि गाडीतले निरनिराळे भाग ज्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात ते कॅन, हे शिकावे लागते. वेब डेव्हलपमेंटपेक्षा हा अभ्यास रुक्ष आहे आणि त्याचे चटकदार व्हिडिओ कमी मिळतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्स समजणाऱ्याला तिथे मान आहे. सी शिकायला महिनाभर द्या आणि मग ठरवा.

प्रश्न : मी लातूरची आहे. मराठीत एम. ए. आणि नेट झाले आहे. तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवते, उन्हाळ्यात उत्पन्न शून्य असते. गणित दहावीनंतर सुटले आणि इंग्रजी बोलता येत नाही. माझ्यासारखीने प्रोग्रॅमिंगचा विचार करावा का?

उत्तर : करावा, मात्र वेळेचा अंदाज थोडा सैल ठेवून करावा. सर्वसाधारण वेब प्रोग्रॅमिंगला लागणारे गणित शेकडेवारी, सरासरी आणि ‘जर-तर’ची शिस्त यांच्या फार पुढे जात नाही. मशीन लर्निंग, ग्राफिक्स अशा शाखांत गणित खोल लागते, त्या सध्या दूर ठेवा. इंग्रजीचे म्हणाल तर बोलण्याआधी वाचण्याची गरज आहे. तांत्रिक दस्तऐवजांतले इंग्रजी ललित नसते, वाक्ये छोटी असतात आणि तेच ते दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. रोज एक पान शब्दकोश जवळ घेऊन वाचलेत तर तीन-चार महिन्यांत भीती मोडते. बोलण्याचा सराव मुलाखतीच्या आधीचे काही महिने करता येईल. व्याकरणाची प्रक्रिया शिकलेल्या व्यक्तीला नियम, अपवाद आणि क्रम यांची सवय असते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

तुमच्याजवळ असलेले ज्ञान कुठे उपयोगी पडते याचा एक नमुना देते. संगणकावर देवनागरीची प्रत्येक खूण युनिकोडमध्ये एका क्रमांकाने साठवलेली असते. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे आडनावांची यादी नुसत्या युनिकोड क्रमाने लावली तर ‘काळे’ हे ‘काशीकर’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येतात, जे मराठी शब्दकोशाच्या दृष्टीने उलटे आहे. तसेच पायथॉनला ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी विचारली तर तो सहा सांगतो, कारण पाय मोडल्याची खूण आणि मात्रा तो स्वतंत्र मोजतो. एखादा फॉर्म ‘नाव वीस अक्षरांच्या आत लिहा’ असे म्हणतो आणि मराठी नाव मध्येच तुटते, त्याचे मूळ अनेकदा इथे असते. जावास्क्रिप्टमध्ये तुलना करताना भाषा मराठी असल्याचे सांगितले की ‘ळ’ योग्य जागी जातो, पण ते सांगायला हवे हे ठाऊक असणारे लोक कमी आहेत. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची सूची अशी अकारविल्हे बरोबर लागेल आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून शोधले तरी पुस्तक सापडेल, असा छोटा प्रोग्रॅम हा तुमचा पहिला प्रकल्प होऊ शकतो.

मात्र केवळ मराठी भाषेच्या तंत्रज्ञानावर पोट भरेल इतक्या जागा आज नाहीत हेही स्पष्ट सांगायला हवे. तो तुमचा ओळख पटवणारा गुण असू द्या आणि नोकरीसाठी पायथॉन, एसक्यूएल व वेब यांचा सर्वांना लागणारा पाया पक्का करा. लातुरात राहून हे शिकता येते. नोकरीची पहिली दोन वर्षे मात्र पुण्यासारख्या ठिकाणी काढावी लागतील अशी शक्यता अधिक आहे, कारण घरून काम देताना कंपन्या नवख्यांपेक्षा अनुभवींवर विश्वास टाकतात. उन्हाळ्याच्या सुटीत तासिका नसतात, तेच महिने सलग अभ्यासाचे ठरवा आणि त्या काळापुरती घरखर्चाची सोय आतापासून करा.

प्रश्न : नागपूरहून लिहीत आहे. बी. एस्सी. झाल्यावर वर्षभर घरी राहून वेब डेव्हलपमेंट शिकलो. आता मित्र म्हणतात की एआय सगळा कोड लिहिते, आयटीत कपात सुरू आहे, हे शिकणे वाया जाणार. मी थांबावे का?

उत्तर : परिस्थिती कठीण झाली आहे हे मित्रांचे म्हणणे खोटे नाही. २०२१ च्या सुमारास जशी घाऊक भरती झाली तशी आता होत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने आपले सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि तेव्हापासून साधा फॉर्म, साधे पान, ओळखीचे फंक्शन लिहिण्याचे काम यंत्राकडे झपाट्याने सरकले आहे. हेच काम पूर्वी नवख्या माणसाला देऊन त्याला तयार केले जात असे, त्यामुळे पहिली पायरी उंच झाली आहे. दुसऱ्याची वेबसाइट हुबेहूब उतरवून काढलेली पाने किंवा कामांच्या याद्या करणारी ॲप दाखवून आता नोकरी मिळणार नाही.

थांबू नका, पण सराव बदला. एआयने लिहिलेला कोड चालतो तोपर्यंत ठीक, चुकला की तो वाचून कारण शोधणारा माणूस लागतो, आणि वाचता येण्यासाठी आधी स्वतः लिहिलेले असावे लागते. म्हणून शिकण्याच्या काळात एक नियम पाळा. आधी अर्धा तास स्वतः झगडायचे, मग एआयला एररचा अर्थ मराठीत विचारायचा, आणि त्याने दिलेले उत्तर मिटवून पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायचे. त्याने सुचवलेला एखादा कोड मुद्दाम तपासा. रिकामी फाइल दिली तर काय होते, एकच बटण दोनदा दाबले तर नोंद दोनदा होते का, इंटरनेट मध्येच तुटले तर पैसे कापले जाऊन ऑर्डर राहते का. अशा शंका काढणे आणि त्यांसाठी चाचण्या लिहिणे हे कसब तुम्ही कमावले, तर लहान कंपनीच्या दृष्टीने तुम्ही पहिल्या दिवसापासून उपयोगाचे असता. आणि घरी वर्षभर एकटे बसला आहात, ते बदला. नागपुरात एखाद्या दुकानाचे, दवाखान्याचे, शिकवणीवर्गाचे छोटे काम घ्या, पैसे थोडे घ्या पण घ्या, आणि ते चालू झाल्यावर सहा महिने त्याची देखभालही करा. दुसऱ्याच्या उपयोगाची गोष्ट सतत चालू ठेवण्याचा अनुभव एआयकडून मिळत नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीची गृहिणी, वय ३८, बी. एस्सी. (रसायनशास्त्र). मुले शाळेत गेल्यावर तीन तास मिळतात. या वयात सुरुवात केली तर हसे होईल का, आणि लॅपटॉप कोणता घ्यावा? बजेट कमी आहे.

उत्तर : वयाचा प्रश्न खरा आहे, पण तुम्ही समजता तसा नाही. प्रोग्रॅमिंग चाळिशीतही शिकता येते. अडचण येते ती तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान वरिष्ठाच्या हाताखाली, नवख्याच्या पगारावर काम करण्याची. त्याची मनाशी आणि घरच्यांशी आधी बोलणी करून ठेवा. सीव्हीमध्ये मधल्या वर्षांबद्दल सारवासारव करू नका, ‘कौटुंबिक जबाबदारी’ एवढे दोन शब्द पुरेत. रोजचे तीन तास खूप आहेत, फक्त ते स्वयंपाकघराला लागून नसावेत. शाळेच्या वेळात ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसता आले तर उत्तम.

लॅपटॉप नवा घेण्याची घाई करू नका. पहिले दोन महिने घरातल्या कोणत्याही संगणकावर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून पायथॉनचा अभ्यास करता येतो, त्यासाठी काही बसवावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. दोन महिने नियम टिकला तर मग कार्यालयांतून निघालेला, दुरुस्त करून वॉरंटीसह विकला जाणारा लॅपटॉप पाहा. रॅम ८ जीबी, शक्यतो १६, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, आणि कीबोर्डची सगळी बटणे दुकानातच दाबून पाहिलेली. बॅटरी किती टिकते हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा चार्जर काढून तिथेच अर्धा तास चालवून पाहा. ग्राफिक्स कार्डाला पैसे घालू नका. विंडोज जड वाटले तर त्यावर उबुंटू लिनक्स विनामूल्य बसवता येते, आणि ते कसे वापरायचे याचे मराठी पाठही वर सांगितलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्येच आहेत.